कामाचे वार कोणते? आईच्या आठवड्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कचेरीतून येऊन चहा घेत होतो, तेवढ्यात मागच्या चाळीतील एक भगिनी कडेवर चौदा महिन्यांचे मूल घेऊन दारात उभी राहिली. वस्तीतील माणसे अर्ज लिहायला, फॉर्म भरायला आमच्याकडे येतातच. पण या ताईंच्या हातात कोणताही फॉर्म नव्हता. त्यांनी बसता बसताच विचारले, "भाऊ, आठवड्यातले तीन दिवस कामाला जायचे ठरलेय. कोणते तीन घेऊ?"

प्रथम आम्हाला हसू आले. वार तो वार, त्यात काय विचारायचे? पण त्यांची हकिगत ऐकली आणि आमचे हसू मावळले.

ताई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदाराकडून औषधांच्या पॅकिंगचे काम करतात. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणजे रविवार हा कामाचा दिवस. मालक एका इमारतीवर वॉचमन, बारा तासांची पाळी, सुट्टी मंगळवारी. थोरली मुलगी प्राथमिक शाळेत शिकते, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालू आहे. धाकट्याला आजवर सासूबाई सांभाळत होत्या. पण त्यांचे गुडघे गेले. रांगत्या मुलामागे सहा-सहा दिवस धावणे त्यांना झेपेना. पाळणाघर पाहिले तर महिन्याला 4000 रुपये सांगतात. ताई काम सोडायला निघाल्या होत्या. सुपरवायझर बाई भल्या निघाल्या. त्या म्हणाल्या, हात चांगला आहे, सोडू नकोस, तीन दिवस ये, वार तूच सांग.

आता वार सांगायचे कसे? आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर काढले, मुलीच्या वहीचे एक पान घेतले आणि हिशेबाला बसलो. बी. कॉम. होऊन आम्ही आजवर साहेबांचे हिशेब लिहिले. त्या दिवशी एका आईच्या आठवड्याचा ताळेबंद मांडला. असे ताळेबंद पुष्कळ घरांत मांडायचे राहून जातात, म्हणून तो येथे देत आहोत.

पहिला हिशेब पैशांचा

सोयीसाठी रोज 600 रुपये धरू. महिन्याचे 26 दिवस भरले तर 15,600 रुपये होतात. पंधरा दिवस भरले तर 9000. म्हणजे 6600 रुपयांचा फटका, असे दिसते. ताईंच्या पोटात गोळा आला तो याच आकड्याने.

पण पूर्ण काम करायचे तर पाळणाघराचे 4000 जाणार. रोजचे जाण्यायेण्याचे 40 रुपये, त्याचे 1040. हातात राहणार 10,560. पंधरा दिवस गेले आणि मूल घरीच सांभाळले, तर 9000 मधून प्रवासाचे 600 वजा जाता राहतात 8400. खरा तोटा 2160 रुपये. गरिबाच्या घरात ही रक्कमही लहान नव्हे. पण 6600 ची भीती वेगळी आणि 2160 ची काटकसर वेगळी. भगिनींनो, काम कमी करायचे की सोडायचे याचा निर्णय घेण्याआधी कमाईबरोबर कामामुळे होणारा खर्चही मांडा. एकाच बाजूचा आकडा पाहून घाबरू नका.

दुसरा हिशेब 78 दिवसांचा

हा हिशेब फार थोड्यांना ठाऊक असतो. ताईंच्या पगारातून राज्य कामगार विम्याची, म्हणजे ई.एस.आय.ची वर्गणी कापली जाते. या योजनेत एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे दोन वर्गणीकाळ असतात. वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरली गेली, तरच पुढे आजारपणात घरी राहिल्यास मजुरीच्या 70 टक्के भत्ता मिळतो. तो वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकतो.

आता पाहा. सहा महिन्यांत 26 आठवडे. आठवड्याला तीन दिवस म्हणजे 26 गुणिले 3, बरोबर 78. एकही जास्त नाही! मूल तापाने फणफणले आणि एक बिनपगारी खाडा झाला, की 77. वर्गणी कापली जाईल, पण भत्त्याचा हक्क जाईल. आणि हा फटका लगेच कळत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला भत्ता ठरतो, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. खाडा आज होतो, हक्क गेल्याचे आजारपणात खिडकीवर उभे राहिल्यावर कळते.

ताईंचे एप्रिलपासून जुलैअखेर सगळे दिवस भरले होते, त्यामुळे त्या काळाची चिंता नव्हती. खरी परीक्षा 1 ऑक्टोबरपासून होती. आम्ही म्हटले, "ताई, तीन दिवसांवर भागणार नाही. तीन दिवस आणि एक आड एक आठवड्याला चौथा दिवस मागा." म्हणजे 78 अधिक 13, झाले 91. तेरा दिवसांची गाठ पदरी राहिली. लेकुरवाळ्या बाईला तेवढी लागतेच.

या विम्याची पाळेमुळे आपल्याला परकी नाहीत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्याच काळात 1943 साली प्रा. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले गेले. त्यातून 1948 चा कायदा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून ही योजना सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली आहे. मिळालेला हक्क एका दिवसाच्या हिशेबासाठी गमावू नये.

तिसरा हिशेब घरातल्या माणसांचा

वार निवडताना कामावर काय सोयीचे हे आपण आधी पाहतो. ते पाहावेच. पण त्या वारी घरात मुलाजवळ कोण, हा प्रश्न त्याहून मोठा.

ताईंच्या मनात रविवार, सोमवार, मंगळवार असे सलग तीन दिवस होते. एकदा सुटलो की बाकीचे दिवस मोकळे, हा विचार. आम्ही विचारले, सासूबाईंचे काय? पहिल्या दिवशी गुडघे दुखले, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला उचलणार कशा? म्हाताऱ्या माणसाला एक दिवसाचे काम दिले तर मध्ये विसावा हवा. म्हणून त्यांच्याकडे सोमवार आणि गुरुवार आले.

मंगळवारी मालकांची सुट्टी. येथे ताई थोड्या अडखळल्या. "त्यांना झोप लागते हो, भाऊ. पोराचे त्यांना काय जमणार?" आम्ही म्हटले, "जमेल. मूल दोघांचे आहे." दुसऱ्या दिवशी मालकांना गाठून बोललो. ते आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "खिमट करता येत नाही मला." सासूबाई आतून म्हणाल्या, "मी सांगते की. तुझा बापही गिरणीची पाळी करून तुला न्हाऊ घालायचा." विषय संपला. मंगळवार बापाचा झाला.

चौथा दिवस शनिवारचा धरावा असे ताईंचे म्हणणे. थोरलीची शनिवारी सकाळची शाळा, ती दुपारी घरी येते, भावाला सांभाळील. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही. फक्त हातातली वही तिने छातीशी धरली. शनिवारी दुपारीच तिच्या बाई शिष्यवृत्तीचा जादा तास घेतात, हे आम्हाला ठाऊक होते.

आमच्या घरी ही चूक झाली आहे, म्हणून सांगतो. आमच्या आयुष्मती बालवाडीत कामाला होत्या आणि धाकटे लहान होते, तेव्हा आमच्या थोरलीने वर्षभर शनिवारच्या शाळेला दांड्या मारल्या. आम्ही वस्तीत शिक्षणावर भाषणे देत होतो आणि आमच्याच घरात नऊ वर्षांची पोर पाळणा हलवत होती. कोणी तिला शाळेत जाऊ नको म्हटले नाही. सगळ्यांनी तिला गृहीत धरले, एवढेच. गणितात ती मागे पडली ती दोन वर्षे. आजही ती हसत सांगते, पण आम्हाला हसता येत नाही.

ताईंना आम्ही हे सांगितले. त्यांनी लेकीकडे पाहिले आणि वहीतला शनिवार स्वतःच खोडला.

राहिला रविवार. शेजारच्या खोलीत जाऊबाई राहतात. त्या एका शाळेत मदतनीस आहेत, रविवारी घरी असतात. ठरले असे की, एका रविवारी ताई कामावर जातील आणि जाऊबाई मुलाला पाहतील. दुसऱ्या रविवारी ताई जाऊबाईंची दोन्ही मुले पाहतील, म्हणजे जाऊबाईंना माहेरी आईकडे जाता येईल. उपकार कोणावरच नको, देवाणघेवाण हवी. त्या मोकळ्या रविवारी ताई लेकीला घेऊन विहारातही येऊ शकतात.

सगळ्या मुंबईला रविवारची सुट्टी मिळाली ती सहज नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. सुट्टी केवळ झोपण्यासाठी नाही, कुटुंबासाठी आणि समाजासाठी आहे, हा तेव्हाचा विचार. ज्यांचा रविवार कारखान्यात जातो त्यांनी निदान काही रविवार राखून ठेवावेत.

आता ताईंचा आठवडा असा झाला: सोमवार, मंगळवार, गुरुवार काम, आणि एक आड एक रविवार. बुधवार व शनिवार घरी. पालिकेच्या दवाखान्यात लस द्यायचा त्यांच्या भागातला वार बुधवार आहे, तोही साधला. शुक्रवारी कारखानाच बंद.

ठरले ते कागदावर आणा

तोंडी ठरलेले वार तोंडीच बदलतात. म्हणून आम्ही साध्या मराठीत अर्ज लिहून दिला. त्यात चार गोष्टी घातल्या. कामाचे वार कोणते. जादा दिवस बोलावल्यास त्याची मजुरी आणि आदल्या दिवशी निरोप. वार बदलायचा झाल्यास दोघांच्या संमतीने. आणि भरलेल्या प्रत्येक दिवसाची हजेरीपटावर नोंद. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ताई आता घरच्या कॅलेंडरवर भरलेल्या दिवसाला गोल करतात आणि महिनाअखेर पगाराच्या चिठ्ठीशी ताडून पाहतात.

आणखी एक सावधगिरी. दिवस कमी झाले की मुकादम सहा दिवसांचे काम तीन दिवसांत उरकायला सांगतो. मजुरी अर्धी आणि घाम पुरा, असा व्यवहार होऊ देऊ नका. आपल्या वाटणीचे काम किती, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. शिवाय जिथे 50 किंवा अधिक कामगार आहेत तिथे पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाजवळ जाता यावे, असे कायदा सांगतो. एकटीने विचारायला भीती वाटत असेल तर दहाजणींनी मिळून विचारा. बाळंतपणाच्या हक्काच्या कायद्याला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात 1928 सालीच पाठिंबा दिला होता. आईपण हा बाईचा खासगी प्रश्न नाही, हे आपल्याला फार आधी शिकवले गेले आहे.

हा ताळेबंद प्रत्येक घराला जसाच्या तसा लागू पडणार नाही. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या आमच्या भगिनींना हा विमा नाही, त्यांचे वार घरमालकिणी ठरवतात. पण त्यांनाही दोन घरांच्या खाड्यांचे वार एकच मागता येतात, म्हणजे एक पुरा दिवस मुलाला मिळतो. मागून तर पाहा.

मार्च संपल्यावर ताई कॅलेंडर घेऊन आल्या. गोल मोजले. 86 भरले. मधल्या काळात धाकट्याला कांजिण्या आल्या होत्या, पाच दिवस गेले होते. तरी आठ दिवस पदरी उरले. आम्ही शाबासकी दिली, तर म्हणाल्या, "मोजले आहेत ते मी नाही भाऊ, हिने." थोरली मागे उभी होती. हातात तीच वही होती आणि त्या दिवशी शनिवार होता. जादा तास करून ती सरळ आमच्याकडेच आली होती.