पंचेचाळीस गुणांचा डिप्लोमा

बारावीला ९२ टक्के पडले तरी ‘थोडक्यात हुकलं’ म्हणणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. अशा घरातली मुलगी आयबीच्या परीक्षेत ४५ पैकी ३२ गुण घेऊन आली, तर पेढे वाटायचे की गप्प बसायचं, असा प्रश्न पडतो. खरं तर पेढे वाटायला हरकत नसते. या परीक्षेची जगभरातली सरासरी तीस गुणांच्या आसपास घुटमळते, आणि इतर अटी पूर्ण केल्या तर २४ गुणांवर डिप्लोमा हातात पडतो. पैकीच्या पैकी मिळवणारे मूठभरच. इतक्या हात राखून गुण देणाऱ्या परीक्षेला जगातली नावाजलेली विद्यापीठं मान का देतात, हे समजून घ्यायचं तर तिची जन्मकथा पाहावी लागते.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजेच आयबी, या संस्थेचा डिप्लोमा हा अकरावी-बारावीच्या वयातल्या मुलांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचं मूळ जिनिव्हात. पहिल्या महायुद्धानंतर तिथे राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालयं आली, आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. मुलं लहान होती तोवर सगळं सुरळीत चाले. शेवटच्या दोन वर्षांत मात्र वर्गाची फाटाफूट होई. फ्रान्सला जाणारा एका परीक्षेची तयारी करी, इंग्लंडला जाणारा दुसऱ्या. स्विस आणि अमेरिकन मुलांच्या वाटा आणखी वेगळ्या. चार-सहा मुलांमागे एक अभ्यासक्रम ही चैन कुठल्याच शाळेला परवडणारी नव्हती. इतिहासाची तर आणखीच पंचाईत, कारण एकच लढाई दोन देशांच्या पुस्तकांत दोन तऱ्हांनी लिहिलेली.

१९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांतले सामाजिक शास्त्रांचे शिक्षक जिनिव्हात जमले आणि समान परीक्षेच्या कल्पनेनं जोर धरला. आधुनिक इतिहासाच्या सामायिक अभ्यासक्रमापासून सुरुवात झाली. म्हणजे हे काम एखाद्या मंत्रालयानं हाती घेतलेलं नव्हतं, ते वर्गात शिकवणाऱ्यांनी उभं केलं. १९६८ मध्ये संस्था रीतसर स्थापन झाली आणि १९७० मध्ये पहिल्या अधिकृत परीक्षा झाल्या. पहिले महासंचालक ॲलेक पीटरसन हे ऑक्सफर्डच्या शिक्षण विभागाचे प्रमुख होते. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच मुलं तीन विषयांत कोंडली जातात, हे त्यांना खटकत असे. सगळ्याच विषयांची घोकंपट्टीही त्यांना नको होती. वेल्समधल्या सेंट डोनाट्सच्या किल्ल्यात भरणाऱ्या अटलांटिक कॉलेजनं १९७१ मध्ये ब्रिटिश ए-लेव्हल बाजूला ठेवून हा डिप्लोमा स्वीकारला, तेव्हा त्याला चांगलं वजन आलं.

आजही रचना तीच मधली वाट धरून आहे. विषयांचे सहा गट: मातृभाषेचं किंवा प्रभुत्व असलेल्या भाषेचं साहित्य, दुसरी भाषा, सामाजिक शास्त्रं, विज्ञान, गणित आणि कला. प्रत्येक गटातून एक विषय. कला नको असेल तर त्याऐवजी दुसऱ्या गटातला आणखी एक. सहापैकी साधारणपणे तीन विषय ‘हायर लेव्हल’ला, म्हणजे २४० तासांचे, आणि तीन ‘स्टँडर्ड लेव्हल’ला, १५० तासांचे. म्हणजे भौतिकशास्त्राची ओढ असलेल्या मुलीलाही कादंबरी वाचावी लागते आणि इतिहासात रमणाऱ्या मुलाची गणितातून सुटका नाही. प्रत्येक विषयाला कमाल ७ गुण, सहा विषयांचे ४२. उरलेले ३ गुण मिळतात त्या भागाला शाळांमध्ये ‘कोअर’ म्हणतात. या डिप्लोमाचं वेगळेपण तिथे आहे.

कोअरमधला पहिला विषय ‘थिअरी ऑफ नॉलेज’, मुलांच्या तोंडी ‘टॉक’. आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, हा त्याचा गाभा. त्यात एक छोटं प्रदर्शन मांडावं लागतं. ठरवून दिलेल्या ३५ प्रश्नांतून एक निवडायचा, त्याला भिडणाऱ्या तीन खऱ्या वस्तू शोधायच्या आणि एकूण ९५० शब्दांत आपली बाजू मांडायची. समजा, एखाद्या मुलीनं ‘ज्ञान कशाला म्हणायचं?’ हा प्रश्न घेतला. पहिली वस्तू म्हणून ती आजोबांचं जुनं पंचांग ठेवते, ज्याच्या समासात त्या वर्षी कुठल्या नक्षत्रात किती पाऊस झाला याच्या पेन्सिलीनं केलेल्या नोंदी आहेत. दुसरी वस्तू शाळेच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक. तिसरी, एका ठरावीक दिवशी फोनवर आलेला पावसाचा अंदाज, जो नेमका चुकला. आता तिला सांगायचं आहे की यातलं ज्ञान कुठलं, नोंद कुठली आणि अंदाज कुठला. आणि चुकलेला अंदाजही ज्ञानात मोडतो का. इथे गाइड उपयोगी पडत नाही, कारण उत्तर छापलेलंच नसतं. आजोबांच्या नोंदी जुन्या म्हणून आदरणीय, एवढं म्हणून भागत नाही आणि यंत्राचा आकडा म्हणून तो खरा, हेही चालत नाही.

दुसरा भाग ‘एक्स्टेंडेड एसे’, कमाल ४००० शब्दांचा स्वतंत्र शोधनिबंध. विषय विद्यार्थ्यानं निवडायचा, मार्गदर्शक शिक्षकानं फक्त दिशा दाखवायची. यातली खरी कसोटी लिहिण्याआधीच लागते. ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई’ असा विषय घेऊन आलेला मुलगा पहिल्याच भेटीत परत पाठवला जातो: कुठलं गाव, कुठली वर्षं, कुठल्या नोंदी तपासणार? प्रश्न चार हजार शब्दांत बसेल इतका आवळता येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. शब्दमर्यादा ओलांडली तर परीक्षक पुढचं वाचतच नाही. शेवटी मार्गदर्शक समोर बसवून तोंडी विचारतो की हे कसं सुचलं, कुठे अडलास. उसनवारी बऱ्याचदा तिथेच उघडी पडते.

तिसरा भाग ‘कॅस’: सर्जनशील काम, शारीरिक मेहनत आणि सेवा. निदान दीड वर्ष चालणाऱ्या या भागाला गुण नाहीत, पण तो पुरा झाल्याशिवाय डिप्लोमाही नाही. प्रामाणिक शाळेत यातून चांगलं काम उभं राहतं. एरवी वस्तीतल्या मुलांना एक शनिवार शिकवून फोटो काढण्याचा कार्यक्रमही होतो. गुण नसलेल्या कामाची गत शेवटी शाळेच्या हेतूवर ठरते.

गुणांकनाची पद्धत आपल्याला विचार करायला लावणारी आहे. बहुतेक विषयांत वीस टक्के किंवा त्याहून थोडं जास्त वजन वर्षभरात केलेल्या कामाला असतं: विज्ञानात स्वतः आखलेला प्रयोग, गणितात एखाद्या प्रश्नाचा लेखी शोध. ते शाळेतलेच शिक्षक तपासतात. आपल्याकडच्या तोंडी परीक्षेत वीसपैकी वीस देण्याची रीत कोणाला ठाऊक नाही? आयबीत मात्र नमुन्याचं काम बाहेरच्या परीक्षकाकडे जातं, आणि शिक्षकानं हात सैल सोडला असेल तर शाळेतल्या सगळ्यांचेच गुण खाली येतात. शिक्षक मुलांच्या प्रेमापोटी उदार झाला तर त्याची किंमत मुलांनाच मोजावी लागते, त्यामुळे तो सावध राहतो.

ही व्यवस्था निर्दोष मात्र नाही. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि शाळेतलं काम, शिक्षकांचे अंदाज व शाळेचा पूर्वीचा निकाल यांच्या गणितातून गुण दिले गेले. आपल्या मेहनतीचं मोजमाप आधीच्या बॅचवरून का, असा सवाल जगभरच्या मुलांनी केला. गदारोळानंतर संस्थेला गुणांत फेरबदल करावे लागले. २०२४ च्या मे महिन्यात, ज्या देशांत परीक्षा आधी झाली तिथल्या काही मुलांनी गणिताचे प्रश्न इंटरनेटवर टाकले आणि पश्चिमेकडच्या मुलांना ते पेपरआधीच मिळाले. जगभर एकच परीक्षा घ्यायची तर घड्याळ सगळीकडे एक नसतं, ही अडचण उरतेच.

भारतात हा डिप्लोमा पहिल्यांदा आला तो १९७६ मध्ये, कोडाईकनालच्या आंतरराष्ट्रीय शाळेत. महाराष्ट्रात मुळशीच्या डोंगरावर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अटलांटिक कॉलेजच्याच परिवारातलं, अनेक देशांची मुलं एकत्र राहतात असं. निवड झालेल्यांना गरजेनुसार शिष्यवृत्तीही मिळते. बाकी मुंबई-पुण्यातल्या बहुतेक आयबी शाळांची वार्षिक फी काही लाखांपासून सुरू होते आणि दहा लाखांच्या पुढेही जाते. जिनिव्हात नोकरदारांच्या मुलांची अडचण सोडवायला निघालेली परीक्षा आपल्याकडे श्रीमंतीची खूण होऊन बसली, हे कबूल करायलाच हवं.

असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीचा मानते. तरी इथेच पुढे शिकायचं असेल तर वाट अडथळ्यांची आहे. परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैच्या सुरुवातीला, तोवर आपल्याकडचे प्रवेश सुरू झालेले असतात. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षाही साधारण मेच्या सुरुवातीलाच येते. शिवाय सहा गटांच्या चौकटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही एकत्र बसत नाहीत, त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. डॉक्टर व्हायचं पक्कं असलेल्या मुलाला ‘मोठी शाळा’ म्हणून या वाटेला लावणं शहाणपणाचं नाही.

माझं मत विचाराल तर या डिप्लोमातलं घेण्यासारखं जे आहे त्याला दहा लाख लागत नाहीत. मुलानं स्वतःचा प्रश्न काढावा, तो नीट आवळावा, पुराव्यानिशी लिहावा आणि बाहेरच्या कोणीतरी ते काटेकोर तपासावं, एवढ्यावर हे सगळं उभं आहे. त्याला लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात नेमका तोच नसतो. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत वर्षाला एक असा निबंध प्रामाणिकपणे करून घेतला, तरी पुष्कळ काही साधेल.

आणि ज्यांना आयबीतच प्रवेश घ्यायचा आहे, अशा पालकांनी शाळेची इमारत आणि पोहण्याचा तलाव पाहून झाला की तीन गोष्टी विचाराव्यात. एका शिक्षकाकडे निबंधासाठी किती मुलं असतात? गेल्या तीन वर्षांत शाळेनं वर्तवलेले गुण आणि प्रत्यक्ष निकाल यांत किती अंतर होतं? आणि डिप्लोमाचे शिक्षक शाळेत सरासरी किती वर्षं टिकतात? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर प्रवेशअर्ज भरू नये.