दिल्लीचा नटराज स्वामीमलैचा!

दिल्लीत भारत मंडपमसमोर उभा असलेला 27 फुटी, 18 टन वजनाचा नटराज पाहिलात? तो दिल्लीत घडलेला नाही. तामिळनाडूत कुंभकोणमच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कावेरीकाठी स्वामीमलै आहे, तिथे राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सात महिन्यांत घडवला. तांबे, जस्त, शिसे, कथील, चांदी, सोने, पारा आणि लोखंड असे आठ धातू. 2023 च्या जी-20 परिषदेआधी तो रस्त्याने राजधानीत पोहोचला.

राधाकृष्णन यांचे घराणे चोळकाळापासून, म्हणजे 34 पिढ्या, मूर्ती घडवत असल्याचे सांगतात. जवळच्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर उभारायला बाहेरून आलेले शिल्पी पुढे स्वामीमलैत स्थिरावले, अशी इथली परंपरा आहे. ते इथे का टिकले याचे एक उत्तर मला नदीत दिसते. मूर्ती आधी मेण आणि राळेत घडते, तिच्यावर पहिला थर चढतो तो कावेरीच्या बारीक गाळाचा. दागिन्याची नक्षीसुद्धा तो हुबेहूब उचलतो. मग जाड मातीचे थर, लोखंडी पट्ट्या, भट्टी. मेण वितळून बाहेर, त्या पोकळीत धातूचा रस. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती! प्रमाण ठरवायला नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून घेतात.

तंजावरला मराठ्यांचा राजवाडा बघायला जाल तेव्हा एक दिवस स्वामीमलैसाठी ठेवाच. छिन्नीकाम चालू असलेली कार्यशाळा गाठा, तासन्‌तास पाहत राहाल.