विश्लेषण : मध्यम एसयूव्ही खान्देशातील कुटुंबाला खरोखर कितीला पडते?

पाडवा, आखाजी, दसरा आणि धनत्रयोदशी या चार मुहूर्तांना जळगाव-धुळ्यातील शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. या रांगेत आता सव्वाचार-साडेचार मीटर लांबीच्या मध्यम एसयूव्ही ठळकपणे दिसतात. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक वाटा एसयूव्हींचाच आहे. पण गाडी पसंत होते ती सनरूफ, मोठा स्क्रीन आणि मासिक हप्ता पाहून. पुढची सात-आठ वर्षे ती वापरली जाते खान्देशच्या उन्हात, काळ्या मातीत आणि ट्रकांनी भरलेल्या महामार्गावर. हिशोब चुकतो तो इथेच.

मध्यम एसयूव्ही नेमकी कोणती?

खान्देशाला उंच गाडी नवी नाही. कमांडर, मार्शल या जीपगाड्यांनंतर २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. दोन्ही शेजारच्या नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या. त्या गाड्या कामाच्या होत्या, घरच्यांना त्यात सामावून घ्यावे लागे. २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा आली आणि चित्र पालटले. मोटारीसारखी मऊ बैठक, पण बसण्याची उंची जीपची. सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा, हायरायडर, एलिव्हेट, व्हिक्टोरिस या त्याच वाटेवरच्या गाड्या. स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, हॅरियर या त्यांच्याहून एक पायरी वर.

कायद्याच्या दृष्टीने लांबीची रेषा ४ मीटरची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतील आणि ठरलेल्या इंजिन मर्यादेतील गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यावरील गाड्यांवर ४० टक्के. आधी मध्यम गाड्यांवर उपकरासह ४५ टक्के, तर १५०० सीसीपेक्षा मोठ्या एसयूव्हींवर ५० टक्के कर होता. त्यामुळे १५ लाखांच्या क्रेटासारख्या गाडीमागे साधारण ५० हजार, तर तेवढ्याच किमतीच्या मोठ्या इंजिनाच्या गाडीमागे सुमारे १ लाख रुपये वाचले. ‘जीएसटी कमी झाला’ ही बातमी सगळ्यांनी ऐकली, पण खरी मोठी सूट छोट्या गाड्यांना मिळाली.

शोरूममधील किंमत आणि दारातील किंमत

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के, तर डिझेल गाडीवर १४ टक्के वाहनकर आहे. १५ लाखांची पेट्रोल गाडी एमएच-१९ ची पाटी लावून दारात येते तेव्हा फक्त करापोटीच १ लाख ८० हजार गेलेले असतात. गाडी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर कर थेट २० टक्के. आडत दुकानाच्या किंवा जिनिंगच्या नावावर गाडी घेऊन घसाऱ्याचा फायदा घेऊ पाहणाऱ्यांनी हा आकडा आधी मांडावा.

विमा ही दुसरी मोठी रक्कम. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५०० सीसीपर्यंत त्याचे १०,६४० रुपये होतात आणि त्यापुढे २४,५९६ रुपये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. त्यात ‘झीरो डेप’ नसेल तर प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. आताच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचेच असतात आणि रात्री महामार्गावर गुरे बसलेली असतात, हे लक्षात घेता पहिली काही वर्षे तरी हे कलम घेण्यात शहाणपण आहे. विमा शोरूमकडूनच घेण्याची मात्र सक्ती नाही. बाहेरून दोन-तीन ठिकाणचे दर आणून दाखवले की शोरूमचा आकडाही खाली येतो.

१० लाखांपुढील गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्र भरल्यावर वळती होते किंवा परत मिळते. शेती उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्रच न भरणाऱ्या अनेकांचे १५-२० हजार रुपये त्यामुळे तसेच पडून राहतात.

पेट्रोल, डिझेल की आणखी काही?

खान्देशात ‘गाडी म्हणजे डिझेल’ हा समज जुना आहे आणि तो पूर्ण खोटाही नाही. पण त्याचे उत्तर वर्षाला किती किलोमीटर धावायचे यावर अवलंबून आहे. एक हिशोब मांडून पाहू. पेट्रोल गाडी १५ लाखांना, तीच डिझेलमध्ये साडेसोळा लाखांना धरली, तर वाढीव करासह फरक जातो सुमारे २ लाखांवर. पेट्रोल १०५ रुपये व १३ किलोमीटरचा मायलेज, डिझेल ९२ रुपये व १७ किलोमीटरचा मायलेज असे धरले, तर डिझेलमागे दर किलोमीटरला सुमारे २ रुपये ६५ पैसे वाचतात.

म्हणजे वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाचे २ लाख वसूल व्हायला सव्वासहा वर्षे लागतील. रोज भुसावळ-जळगाव ये-जा करणाऱ्याचे वर्षाचे साधारण १५ हजार किलोमीटर होतात. त्याला पाच वर्षे. केळीच्या व्यवहारासाठी रावेर-बऱ्हाणपूर-जळगाव अशी सतत फिरती असलेला, वर्षाला २५ हजार किलोमीटर कापणारा मात्र तीन वर्षांत फायद्यात येतो.

डिझेलची एक अडचण शोरूममध्ये क्वचितच सांगितली जाते. बीएस-६ डिझेल गाडीच्या धूरनळीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळायला इंजिन बराच वेळ एकसारखे, गरम चालावे लागते. महाबळ ते गोलाणी मार्केट एवढीच दोन-तीन किलोमीटरची रोजची फेरी असेल तर ती संधीच मिळत नाही. दिवा लागतो, गाडीची ताकद उतरते आणि शेवटी वर्कशॉप गाठावे लागते. उपाय अवघड नाही. आठवड्यातून एकदा भुसावळ किंवा पाळधीच्या बाजूला पंधरा-वीस मिनिटे एका वेगात गाडी चालवली तरी बहुधा भागते. पण शहरातच वापर असेल तर मुळात पेट्रोलच बरे. काही डिझेल गाड्यांत डीईएफ नावाचे द्रवही वेगळे भरावे लागते. ते संपले तर गाडी पुन्हा सुरू होत नाही.

पेट्रोलवाल्यांची तक्रार ई-२० ची. २० टक्के इथेनॉलमुळे मायलेज थोडा घटतो, हे सरकारही मान्य करते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या इंधनाला चालतील अशा बनवलेल्या आहेत, त्यामुळे जुन्या गाडी विकत घेणाऱ्याने उत्पादनाचा महिना पाहावा. हायब्रिड गाडी शहरातील थांबत-चालत वाहतुकीत सर्वाधिक बचत करते, मोकळ्या महामार्गावर तो फायदा आटतो. शिवाय बॅटरी मागे असल्याने ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडमध्ये डिकी २६५ लिटरचीच उरते, क्रेटात ती ४३३ लिटरची आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला परत पोहोचवायला जाताना पापड-कुरडयांचे डबे, गव्हाची गोणी आणि दोन बॅगा भरायच्या असतील तर हा फरक लगेच कळतो. सीएनजीच्या टाक्यांचेही तेच. टाकी बुडाखाली बसवलेल्या मोजक्या मॉडेलना ही अडचण नाही.

४५ अंशांत काय टिकते?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा गाडीची खरी परीक्षा होते आणि सर्वांत आधी उघडे पडते ते सनरूफ. लहान मुलांचा हट्ट तोच असतो, पण एप्रिल ते जूनच्या दुपारी काचेचे छत म्हणजे डोक्यावर तवा. आतला पडदा जाड आहे की नुसता जाळीचा, हे ट्रायल घेताना हात लावून पाहावे. ट्रायलही सकाळी नको, दुपारी दोनला घ्यावी. मागच्या सीटवर एसीची हवा पोहोचते का, ते तेव्हाच समजते. हवेशीर सीट ही इतरत्र चैन असेल, इथे ती वर्षातले चार महिने रोज कामाला येते. सनरूफच्या कडेला पाणी वाहून जाण्याच्या बारीक नळ्या असतात. उन्हाळ्यातल्या धुळीने त्या बुजतात आणि पहिल्या पावसात छतातून पाणी गळते. पावसाळ्याआधी त्या साफ करून घेतल्या की झाले.

उन्हावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे काळी फिल्म. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार व्हायला हवा. गडद फिल्म लावली की दंड आहेच, पण रात्री बाजूने येणारी बिनदिव्याची दुचाकीही दिसत नाही.

टायरबाबतचा गैरसमज तर धोक्याचा आहे. ऊन आहे म्हणून दुपारी पंपावर हवा कमी करून घेणारे बरेच. प्रत्यक्षात कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरायची. टायरवर चार आकडी शिक्काही असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांच्या टायरवर समृद्धी महामार्गाला लागू नये. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. स्टेपनी पाहायलाही विसरू नये. अनेक गाड्यांत ती लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० च्या वर जाता येत नाही.

एसयूव्ही शेतात जाते का?

इथे सर्वाधिक निराशा होते. गाडी उंच आहे, म्हणून ती चिखलातून निघेल असे गृहीत धरले जाते. बहुतेक मध्यम एसयूव्हींत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. तापीकाठच्या काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर जुलैत ती अडकली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, मग तिची किंमत काहीही असो. चारही चाकांना ताकद देणारे पर्याय आहेत, पण मोजके आणि महाग. वर्षातून दहा वेळा बांधावर जायचे असेल तर घरची जुनी बोलेरो विकण्याची घाई करू नये.

डांबरी रस्त्यावर मात्र हीच गाडी सुखाची. सुरतेहून धुळे, जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा जुना ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग, त्यावरचा अनेक वर्षे रखडलेला फागणे-तरसोद टप्पा ज्यांनी सोसला, त्यांना उंच गाडीचे मोल सांगायला नको. अजिंठ्याचा किंवा चाळीसगावपुढचा कन्नडचा घाट पाच जण व सामान घेऊन चढताना इंजिनाचा जोर कळतो. म्हणून ट्रायलला शोरूमच्या माणसासोबत एकट्याने जाण्याऐवजी घरचे सगळे गाडीत बसवावेत.

महागड्या प्रकारांत मिळणारी ‘अडास’ ही चालकाला सावध करणारी यंत्रणा पुसट पट्टे, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली यांसमोर गोंधळते. आपोआप अचानक ब्रेक लागल्याने दचकून अनेक मालक ती बंदच ठेवतात. तिच्यासाठी मोजलेल्या पैशांपेक्षा सहा एअरबॅग आणि भारत एनकॅप चाचणीतील तारे आधी पाहावेत. तेही पट्टा लावला तरच उपयोगी. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा ते आलिशान गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे पट्टा न लावल्यास १ हजार रुपये दंड आहे. कानबाईच्या रोटांना निघालेल्या पाच आसनी गाडीत सात-आठ जण बसतात, तेव्हा पट्टे कोणाला पुरणार, हा प्रश्न गाडी निवडतानाच विचारायला हवा. माणसे कायम सात असतील तर तिसऱ्या रांगेची गाडीच घ्यावी.

हप्ता, टोल आणि सुरतची पाटी

१२ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता २४,९१० रुपये बसतो, ७ वर्षांसाठी १९,३०७. हप्ता साडेपाच हजारांनी हलका होतो, व्याज मात्र सुमारे १ लाख २७ हजारांनी वाढते. कापूस-केळीचे पैसे दरमहा येत नाहीत. त्यामुळे मुदतीआधी भरणा केल्यास किती दंड लागतो, हे सही करण्याआधी विचारून घ्यावे.

नाशिक, सुरत, नागपूरकडे वारंवार जाणाऱ्यांना १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास परवडतो. सुरुवातीला त्याचा दर ३,००० रुपये होता, त्यात २०० फेऱ्या किंवा १ वर्ष. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, समृद्धीवर नाही.

सुरतेत खान्देशी माणूस मोठ्या संख्येने आहे. गुजरातचा वाहनकर कमी असल्याने भावाच्या किंवा शालकाच्या उधन्याच्या पत्त्यावर गाडी घ्यायची आणि धुळ्यात वापरायची, हा सल्ला हमखास मिळतो. पण दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर नव्याने नोंदणी करून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, कर्ज असेल तर बँकेचेही. आणि अपघातानंतर दावा करायची वेळ आली, तर विम्याच्या कागदावर नाव शालकाचे असते.