प्राध्यापकांनाही उमेदवारी हवी

कापडाच्या पेढीवर नवा माणूस लागला, की पहिल्याच दिवशी त्याच्या हाती गिऱ्हाईक सोपवले जात नाही. तो तागे उचलतो, घड्या घालतो, जुना माणूस भाव कसा सांगतो आणि नकार ऐकल्यावर दुसरा तागा कसा उलगडतो हे पाहत राहतो. काही महिन्यांच्या या उमेदवारीनंतर त्याला बोलण्याची मुभा मिळते. घरच्या मुलालाही यातून सूट नसते.

महाविद्यालयाचा रिवाज निराळा आहे. पदव्युत्तर परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला, नेट किंवा सेटचा अडथळा ओलांडलेला, पुष्कळदा पीएच.डी.ही मिळवलेला तरुण नेमणूकपत्र घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी वाणिज्य शाखेच्या शंभरेक मुलांसमोर उभा राहतो. माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, महाविद्यालयात शिकवण्यासाठी अध्यापनाची अशी कोणतीही पदवी आवश्यक नाही. विषय येतो म्हणजे तो शिकवताही येतो, असे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक किती फसवे आहे, याचा अनुभव हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना आला. १९८४ पासून ते तेथे शिकवत होते. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते आणि कठीण गणितेही सोडवत होते. १९९० च्या सुमारास त्यांनी दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेली चाचणी आपल्या वर्गाला दिली. तीत आकडेमोड नव्हती. न्यूटनच्या नियमांवरचे, रोजच्या भाषेतले साधे प्रश्न होते. तेव्हा वर्गातून विचारणा झाली, की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायची, की आम्हाला जसे वाटते तशी? निकाल पाहून मझूर यांना कळून चुकले, की मुलांनी सूत्रे पाठ केली होती, कल्पना मात्र जुन्याच राहिल्या होत्या. त्यानंतर त्यांनी व्याख्यान आखडते घेतले. थोडे सांगायचे, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे आणि मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे, असा त्यांचा तास होऊ लागला. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. केवळ व्याख्यान चालणाऱ्या वर्गांत नापास होण्याचे प्रमाण, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांच्या तुलनेत, दीडपट आढळले.

असा तास घेणे कोणी दाखवून दिल्याशिवाय सहसा जमत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्येच त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या उणिवेची दखल घेतली आणि १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडक विद्यापीठांत ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेज’ सुरू केली. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर येथे ती होती. २०१५ मध्ये त्यांचे नाव ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झाले आणि २०२३ पासून त्यांच्यावर मालवीय मिशनची पाटी आहे. पाट्या बदलल्या तरी मूळ आखणी पुष्कळशी तीच राहिली.

तिचे दोन भाग होते. नव्याने लागलेल्यांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि पुढील टप्प्यावर तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. उजळणी वर्ग एकाच विषयाचा असे. उद्बोधन वर्गात मात्र वनस्पतिशास्त्र, मराठी, लेखाकर्म अशा सर्व विषयांचे लोक एकत्र बसत. तेथील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे सूक्ष्म अध्यापन. सहभागी व्यक्तीने पाच-दहा मिनिटांचा एखादा छोटा पाठ इतर प्राध्यापकांसमोर घ्यायचा, मग त्यांनी तो मोकळेपणाने तपासायचा, आणि दोष काढून तोच पाठ पुन्हा घ्यायचा. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची खोड, प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहता आपणच उत्तर देण्याची घाई, ‘समजले ना?’ हे पालुपद, हे सारे तेथे उघडे पडते. शिवाय घसाऱ्याची नोंद जर वनस्पतिशास्त्राच्या बाईंनाही समजली नाही, तर ती बारावीतून नुकत्याच आलेल्या मुलाला का समजत नाही, हे लेखाकर्माच्या प्राध्यापकाला निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा लाभ कागदावर कोठेच नोंदला जात नाही. वसतिगृहात राहणे, एका पंगतीला जेवणे, रात्री गप्पा मारणे यांतून ओळखी जुळत. तालुक्याच्या गावी एखाद्या विषयाचा एकच प्राध्यापक असतो. अडले तर विचारायचे कोणाला, हा त्याचा खरा प्रश्न. महिन्याभराच्या सहवासानंतर त्याच्यापाशी चार जिल्ह्यांतली माणसे असतात. प्रश्नपत्रिका, पुस्तके, संशोधनाचे जोडीदार, पाहुणे व्याख्याते यांची देवघेव पुढे वर्षानुवर्षे चालते. बाजारात ओळख हेच भांडवल मानणाऱ्या घरांना याची किंमत सांगायला नको.

दुर्दैवाने या वर्गांची गाठ बढतीशी घट्ट बांधली गेली. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वरची श्रेणी मिळण्यासाठी एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो. सक्तीमुळे माणसे आली, हे खरे. पण पुष्कळजण प्रमाणपत्रासाठीच आले. व्याख्याने कशी कंटाळवाणी देऊ नयेत, यावरचे कंटाळवाणे व्याख्यान ऐकण्याची पाळीही काहींवर आली. २०२० नंतर बरेच वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेले. लहान मुले घरी असलेल्या प्राध्यापिकांची त्यामुळे मोठी सोय झाली, प्रवासखर्च वाचला; पण पंगत मोडली, आणि तिच्याबरोबर ओळखीही विरळ झाल्या.

अंतर आणि सहवास यांचा मेळ घालण्याचा एक चांगला प्रयत्न मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने झाला. अभियांत्रिकीच्या दहा हजार शिक्षकांना शिकवण्याची ती योजना. मुख्य अध्यापन मुंबईहून थेट प्रक्षेपित होई. देशभरच्या निवडक महाविद्यालयांत शिक्षक एकत्र जमून ते ऐकत आणि तेथेच बसून प्रात्यक्षिके करत. या केंद्रांचे समन्वयक आधी मुंबईस येऊन तयारी करून जात. घाऊक पेढी एका ठिकाणी आणि किरकोळ विक्री गावोगावी, अशी ही रचना होती. ती व्यापाऱ्याला चटकन उमगावी.

महाराष्ट्रात आज याहून बिकट प्रश्न तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा आहे. कायम जागा रिकाम्या असल्याने अनेक महाविद्यालयांत मोठ्या संख्येने तास तेच घेतात. त्यांना बढतीची वाटच नाही, त्यामुळे वर्गाला जाण्याचे नियमाने येणारे कारणही नाही. गेले, तर तितक्या दिवसांचे मानधन बुडते, कारण तास घेतला तरच पैसे. ज्यांच्यासमोर मुले अधिक काळ बसतात, त्यांनाच शिकवण्याची कला शिकण्याची संधी सर्वांत कमी, असा हा विचित्र हिशेब आहे.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापूरचे हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय अशी नावे व्यापारी घराण्यांनी शिक्षणासाठी केलेल्या दानाची साक्ष देतात. आजही अनेक संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर समाजातील व्यापारी आहेत. इमारत, सभागृह, प्रवेशद्वार यांसाठी देणगी सहज उभी राहते, कारण तेथे कोनशिला बसते. एका तासिका प्राध्यापकाचे तीन आठवड्यांचे बुडणारे मानधन, त्याचा प्रवास आणि त्याच्या तासांना बदली माणूस, एवढा खर्च एखाद्या उद्घाटन समारंभाच्या मंडपाहून अधिक नसतो. काही प्राचार्य अशी तरतूद मागतातही. अंदाजपत्रकाच्या बैठकीत ती बाब बहुधा सर्वांत शेवटी येते, आणि तोवर चहा आलेला असतो.