वर्षाचे पैसे भरलेत, पण रात्री नेट रडतं : थांबायचं की बदलायचं?

(या भागाचं हे शब्दांकन, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना आलेले बरेचसे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ काढून टाकलेत.)

आजचा विषय थेट माझ्या घरातला आहे. घरचं ब्रॉडबँड. मुदत संपायच्या आधी कंपनी बदलावी का, हा प्रश्न मला जानेवारीत पडला, आणि तेव्हा माझी नवी नोकरी त्यावर टांगलेली होती.

झालं असं. पुण्यात नऱ्ह्याला आम्ही तिघं मुलं फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. गेल्या जूनमध्ये १०० एमबीपीएसचा वर्षाचा प्लॅन घेतला. महिन्याला ६९९, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाचे जवळजवळ ९,९०० रुपये. सगळे एकदम भरले. राउटर फुकट, जोडणी फुकट. दिवाळीपर्यंत मस्त चाललं. मग रात्री आठ वाजले की नेट गळपटायला लागलं. जानेवारीत मी नव्या ठिकाणी लागलो, तीन महिने प्रोबेशन, आणि क्लायंटचे कॉल रात्री साडेआठला! दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजर म्हणाली, “तुझा आवाज तुटतो. रिव्ह्यूच्या आधी हे सुटायला हवं.”

मी घरी म्हटलं, कंपनी बदलूया. रूममेट म्हणाला, “अरे, अजून पाच महिन्यांचे पैसे अडकलेत. ते काय पाण्यात घालायचे?”

त्याचं वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण ते चुकीचं आहे. का, ते सांगतो.

गेलेले पैसे गेले

समजा तुम्ही महिन्याची मेस लावलीत. आठव्या दिवशी तिथल्या जेवणाने पोट बिघडलं. पैसे परत मिळणार नाहीत. मग ‘पैसे भरलेत’ म्हणून उरलेले २२ दिवस तेच खाणार का? खाल्लं किंवा नाही खाल्लं, मेसवाल्याकडचे पैसे काही परत येत नाहीत. अर्थशास्त्रात याला ‘संक कॉस्ट’ म्हणतात, आपण बुडीत खर्च म्हणू. निर्णय घेताना तो हिशोबात धरायचाच नाही. प्रश्न एवढाच : आजपासून पुढे, थांबलो तर काय खर्च आणि बदललं तर काय खर्च?

पण आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

मी रागात होतो, लगेच बदलणार होतो. बरं झालं थांबलो. कारण ‘नेट स्लो आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असू शकतात.

पहिला, घरातला वायफाय. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकी सगळ्यांचे फोन वायफायवरून काढा, आणि स्पीड मोजा. केबलवर स्पीड पूर्ण येतोय पण तुमच्या खोलीत येत नाही, तर कंपनी बदलून काहीही होणार नाही. आमचा राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून होता. सकाळी केबलवर ९४ एमबीपीएस यायचा आणि माझ्या खोलीत ३०. राउटर पॅसेजमध्ये वर लावला, ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरला, आणि माझ्या खोलीतही ८० येऊ लागला. खर्च शून्य.

दुसरा, बाहेरची वायर. राउटरवर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला की समजा फायबर तुटलीय किंवा कुठेतरी जास्त वाकलीय आणि प्रकाश पोचत नाहीये. हे टेक्निशियन येऊन दुरुस्त करू शकतो. त्यासाठी कंपनी बदलायची गरज नाही.

तिसरा, गर्दी. दिवा लाल नाही, सकाळी झकास, आणि रात्री आठ ते अकरा कासव. इमारतींना फायबर देण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात एका फायबरवरचे सुमारे अडीच हजार एमबीपीएस बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ते सहसा पुरतात. चोंदतं ते त्याच्या पुढे, ऑपरेटरने एकूण किती बँडविड्थ घेऊन ठेवलीय तिथे. हा आजार तुमच्या घरात येऊन कोणताही दादा बरा करू शकत नाही.

मी सात दिवस वहीत लिहून ठेवलं. सकाळी नऊ आणि रात्री साडेआठ, दोन्ही वेळा केबल लावून. सकाळी नेहमी नव्वदच्या वर. रात्री ११, १४, ९, एकदा तर ४. म्हणजे आमचा आजार तिसरा होता.

आता हिशोब

नवं कनेक्शन, महिन्याच्या बोलीवर : ६०० अधिक जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये. जोडणीचे एकदाच ५००. पाच महिन्यांचे झाले ४,०४०.

आणि थांबलो तर? रूममेट म्हणत होता, शून्य. पण मी आठवड्यातून दोनदा कॅफेत बसून कॉल घेत होतो, तिथली कॉफी २०० रुपयांची. महिन्याला १,६००, पाच महिन्यांचे ८,०००. वर नोकरीची टांगती तलवार. थांबणं फुकट नव्हतंच, फक्त त्याचं बिल वेगळ्या काउंटरवर भरलं जात होतं.

याची उलटी बाजूही ऐका. पैसे आगाऊ भरलेत, नेट ठीक चाललंय, आणि फक्त दुसरीकडे १०० रुपये स्वस्त मिळतंय, तर मुदतीआधी अजिबात बदलू नका. उरलेले महिने तुम्हाला पुढे शून्य रुपयांत पडतायत. त्याहून स्वस्त कोण देणार? आगाऊ भरलेला प्लॅन सोडण्याचं कारण दर्जा असू शकतं, किंमत नाही. आणि महिनाच उरला असेल तर कळ काढा.

सोडणं वेगळं, नवं घेणं वेगळं

माझ्या डोक्यात हे शेवटी शिरलं. मी ‘बदलणं’ हा एकच निर्णय समजत होतो. जुनं बंद करायला गेलो तर अट होती : १२ महिन्यांच्या आत बंद केलंत तर राउटरचे १,५०० रुपये द्या. अरे, पण बंद करायचंच कशाला? पैसे परत मिळणार नाहीत, तर लाइन राहू दे. नवं घ्यायचं, जुनं मुदत संपेपर्यंत टीव्हीला आणि अडीअडचणीला.

मोबाइलचं पोर्टिंग डोक्यात असतं म्हणून हा घोळ होतो. तिथे नंबर एका कंपनीतून उठतो आणि दुसरीत जातो. घरच्या ब्रॉडबँडला तसं काही नाही. नवी वायर, नवा राउटर, नवं खातं. दोन्ही लाइन खुशाल एकत्र राहू शकतात.

महिन्याच्या बिलावर करार असेल तर मात्र गणित वेगळं. माझी मावसबहीण लीड्सला असते. तिचा २४ महिन्यांचा करार, आठ महिने बाकी. ताई म्हणाली, “दुसरीकडे महिना १२ पौंड वाचतात.” म्हणजे आठ महिन्यांत ९६. करार मोडण्याचा दंड होता १८०. विषय संपला, थांबली. दंड ७० असता तर बदललं असतं. तिकडे सप्टेंबर २०२४ पासून फक्त नव्या कंपनीला सांगितलं तरी पुरतं, जुनीला तीच कळवते. पण दंड माफ होत नाही.

नव्याला काय विचारायचं?

एक, तुमची लाइन कुठून येते? कधीकधी दोन कंपन्यांचं काम इमारतीत एकच केबलवाला बघतो. पाटी बदलते, खांब तोच.

दोन, स्पीडचा आकडा कोणत्या वेळेचा? ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळाला की सरकारी व्याख्येत ते ब्रॉडबँड झालं.

तीन, सगळ्यात खात्रीचा उपाय : शेजारी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे दुसऱ्या कंपनीचं होतं. रात्री साडेआठला गेलो. “बस रे, चहा घे,” म्हणाल्या. चहा होईपर्यंत तीनदा मोजलं. ८८, ९१, ८५.

आणि पहिले काही महिने फक्त महिन्याचा प्लॅन घ्या. वर्षाची सूट दिसली की हात शिवशिवतो, माहितीये. आम्हीही त्यातच अडकलो होतो.

तक्रार कराच

फोनवर भांडून उपयोग नसतो. डॉकेट नंबर घ्या, तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे लिहून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दूरसंचार सेवांबद्दल हे स्पष्ट केलंय. तेव्हा ती सात दिवसांची वही फेकू नका.

राउटर परत कराल तेव्हा सिरीयल नंबरचा फोटो आणि पोचपावती घ्या. ऑटोपे लावलं असेल तर आधी बंद करा. नाहीतर कनेक्शन जातं, पैसे कापले जात राहतात.

मग पुढे काय झालं?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काकूंच्या कंपनीची लाइन घेतली, माझ्या खर्चाने. जुनी लाइन जूनपर्यंत होती, रूममेट त्यावर मॅच बघायचा. बफरिंग आलं की हळूच माझा पासवर्ड मागायचा. पाण्यात घातलेल्या पैशांबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

रिव्ह्यू मार्चमध्ये झाला. नेटचा विषयच निघाला नाही. मला तेवढंच हवं होतं.

तर आज रात्री साडेआठला लॅन केबल लावा आणि मोजा. आकडा आला की मग चिडायचं की नाही ते ठरवू. भेटू पुढच्या भागात!