करंगळीला मुंग्या, दोष सीटचा

तास-दीड तास सायकल चालवली की करंगळी बधिर होते, आणि शेजारच्या अनामिकेची अर्धी बाजूसुद्धा. अर्धीच का? कारण हाताच्या तेवढ्या पट्ट्याला वेगळी नस आहे: अल्नर. कोपर दारावर आपटल्यावर करंगळीपर्यंत जो शॉक जातो, तो हिचाच. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर तक्रार मीडियन नसेची, म्हणजे कार्पल टनेलमधून जाणारीची. म्हणून हात झटकण्याआधी नेमकी कुठली बोटं गेली ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

पुढचा भाग एपिसोडमध्ये नुसता बोलून समजत नव्हता, इथे स्वतःच्या हातावर करून बघा. तळहात वर धरा. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीला लागूनच एक छोटं टणक हाड लागेल. त्याचं नाव पिसिफॉर्म, म्हणजे लॅटिनमध्ये 'मटारासारखं', आणि आहेही तेवढंच. तिथून तर्जनीच्या मुळाकडे एक-दोन सेंटीमीटरवर खोल दाबलं की हॅमेट नावाच्या हाडाचा आकडा लागतो. या दोघांमधल्या फटीतून अल्नर नस जाते. १८६१ मध्ये फेलिक्स गियॉन या फ्रेंच सर्जनने तिचं वर्णन केलं, म्हणून ती 'गियॉन कॅनाल'. (गियॉन पुढे गाजला तो मूत्रविकारांचा तज्ज्ञ म्हणून!) हँडलवर आपण अंगाचा भार टाकतो तो बरोबर याच फटीवर. वर खडबडीत रस्त्याची थरथर.

इथेच नसेला दोन फाटे फुटतात. एक कातडीखालून बोटांकडे जातो, तो मुंग्या आणतो. दुसरा आकड्याला वळसा घालून आत शिरतो आणि बोटं फाकवणारे, अंगठा आत ओढणारे स्नायू चालवतो. मला काळजी वाटते ती या दुसऱ्याची, कारण तो एकटाच दबला तर मुंग्या येतच नाहीत. फक्त किल्ली फिरवताना, शर्टाचं बटण लावताना पकड सुटते. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. तो धरून ठेवताना अंगठ्याचं टोक आपोआप वाकत असेल, तर स्नायू कमजोर झालाय.

आता उपाय. सगळे आधी जेलचे ग्लोव्हज घेतात. थोडा फरक पडतो, पण गादी नेमकी फटीवरच आली तर दाब वाढूही शकतो, आणि जाड गादीमुळे मूठ जास्त आवळली जाते. मूळ प्रश्न वेगळा आहे: एवढा भार हातांवर येतो कशाला? बऱ्याचदा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं. त्यामुळे अंग पुढे घसरतं आणि हात दिवसभर ते मागे ढकलत बसतात. आधी सीट सपाट करा, फुकटात होतं. तरी हात ताणलेले राहत असतील तर हँडल थोडं वर आणि जवळ घ्या. कोपरं किंचित वाकलेली हवीत, मनगट सरळ. टायर शक्य तेवढे रुंद घ्या आणि हवा उगाच दगडासारखी भरू नका. सपाट हँडलवर हात ठेवायला जागा एकच असते. तिथे बार-एंड लावले की पकड बदलता येते, आणि ती दर काही मिनिटांनी बदलायचीच.

अजून एक खूण. करंगळीच्या बाजूला हाताची मागची बाजूही बधिर होत असेल तर हँडलला दोष देऊ नका. त्या भागाची शाखा मनगटाच्या आधीच वेगळी होते, त्यामुळे दाब बहुधा वर, कोपराशी असतो.

सायकल बंद ठेवूनही दोन-तीन दिवसांत जाणीव परतली नाही, किंवा कागदाच्या परीक्षेत अंगठा वाकला, तर डॉक्टरकडे जा. 'हात सुन्न होतो' एवढंच सांगू नका. कुठली बोटं, किती वेळ, हाताच्या मागच्या बाजूला की नाही, हे सांगा.