पर्सेपोलिस

इराणमधील क्रांती व युद्ध यांच्या पार्श्वभूमीवर एका मुलीचे वाढत जाणे चितारणारा फ्रेंच सचेतनपट (२००७). दिग्दर्शन मारजान सात्रापी (जन्म २२ नोव्हेंबर १९६९) व व्हँसाँ पारोनो यांचे. सात्रापी यांची याच नावाची आत्मचरित्रात्मक चित्रकथा २०००–०३ या काळात पॅरिस येथे चार खंडांत प्रसिद्ध झाली. चित्रपट तिच्यावर आधारलेला आहे. पर्सेपोलिस हे ॲकिमेनिड साम्राज्याच्या राजधानीचे ग्रीक नाव. १९७१ मध्ये शाह मुहंमद रझा पेहलवी यांनी इराणी राजसत्तेचा अडीच हजारावा वर्धापन सोहळा तेथेच थाटाने साजरा केला होता.

कथानकाचा प्रारंभ १९७८ च्या तेहरानमध्ये होतो. सुशिक्षित व पुरोगामी घरातील मार्जी ही लहानगी शाहविरोधी निदर्शनांचा खेळ खेळते. शाहच्या तुरुंगात अनेक वर्षे काढलेला काका अनूश क्रांतीनंतर सुटून येतो. परंतु नवी राजवटच त्याला देहान्त शासन देते. त्याने तुरुंगात पावापासून घडविलेला हंस तेवढा तिच्याजवळ उरतो. पुढे बुरख्याची सक्ती होते आणि सप्टेंबर १९८० मध्ये इराकशी युद्ध जुंपते. गरीब घरांतील मुलांना स्वर्गाची म्हणून प्लॅस्टिकची किल्ली देऊन आघाडीवर जाण्यास प्रवृत्त केले जाते. मुलीची निर्भीड वाणी तिच्या जिवावर बेतेल, या भीतीने आईवडील तिला चौदाव्या वर्षी व्हिएन्नाला पाठवितात. तेथील एकाकीपणा, स्वदेशी परतणे, कलाशिक्षण, फसलेला विवाह व अखेर फ्रान्सला प्रयाण असा कथेचा क्रम आहे.

क्रांतीची वा युद्धाची मीमांसा हा या चित्रपटाचा मुख्य हेतू नाही. भयाच्या राज्यात वाढणाऱ्या व्यक्तीने आपला सचोटीपणा कसा टिकवावा, हा त्याचा खरा विषय होय. तरुण मार्जान ओठ रंगवून उभी असता पहारेकरी येतात. तेव्हा स्वतःची सुटका व्हावी म्हणून ती एका निरपराध माणसावर खोटा आळ घेते आणि त्याला पकडून नेले जाते. ही हकीकत ती हसत सांगते. आजी मात्र संतापते व आजोबा आणि काका यांच्या त्यागाचे स्मरण देते. व्हिएन्नात तिने आपण फ्रेंच असल्याचे सांगितले, तेव्हाही आजीचाच आवाज तिला टोचतो. जुलमाचा बळी ठरलेली व्यक्तीही जुलमाचे साधन होऊ शकते, हे चित्रपट आपल्या नायिकेच्याच उदाहरणाने दाखवितो.

पॅरिसच्या विमानतळावरील वर्तमानकाळ रंगीत, तर स्मृतींचा भाग कृष्णधवल आहे. आकृत्या हाताने रेखाटलेल्या असून ठळक काळे क्षेत्र, सपाट छाया व मोजकी पार्श्वभूमी हे त्यांचे विशेष होत. चेहऱ्यांची रेषा साधी असल्यामुळे प्रसंग केवळ इराणपुरते मर्यादित राहत नाहीत. मार्जानला क्यारा मास्त्रोयानी, तिच्या आईला कातरीन दनव्ह व आजीला दानियेल दारिए यांनी आवाज दिला. पहिल्या दोघी प्रत्यक्षातही मायलेकी आहेत.

कान येथील महोत्सवात (२००७) या चित्रपटास परीक्षक मंडळाचे पारितोषिक विभागून मिळाले. ऑस्करसाठी त्याचे नामांकन झाले व फ्रान्सच्या सेझार पारितोषिकांपैकी दोन त्याला लाभली. इराणच्या सरकारी चित्रपटसंस्थेने त्याच्या कानमधील निवडीचा निषेध केला. बँकॉकच्या महोत्सवातून तो वगळण्यात आला. ट्युनिशियात २०११ मध्ये तो दूरचित्रवाणीवर दाखविल्याने निदर्शने उसळली आणि वाहिनीच्या प्रमुखास पुढील वर्षी दंड झाला. ईश्वराला मानवी रूपात दाखविल्याचा आक्षेप त्यामागे होता.

भारतात दादासाहेब फाळके यांनी आगकाड्यांना गती देऊन केलेल्या लघुपटापासून सचेतनपटाची परंपरा आढळते; तथापि हा प्रकार दीर्घकाळ बालरंजन, जाहिरात व लोकशिक्षण यांच्याशीच निगडित राहिला. नजीकच्या इतिहासातील दुःख प्रौढ प्रेक्षकांपुढे विनोदबुद्धी न गमावता मांडण्याचे सामर्थ्य या माध्यमात आहे, हे प्रस्तुत चित्रपटाने प्रत्ययास आणून दिले.